फोडणीपुरती नाही

अक्का,

चौकात तुझा बॅनर लागलाय. फोटो कुठल्याशा लग्नातला आहे. फोटोग्राफरने तुला हसायला सांगितलं होतं आणि तू त्याच्याकडे असं काही बघितलंस की त्याने घाईघाईत बटण दाबून टाकलं, तोच हा फोटो. खाली लिहिलंय, 'शांत, संयमी व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. मी तुझ्या थोरल्या दिरांना, नानांना विचारलं, हे कोणी लिहिलं? तर म्हणाले, बॅनरवाल्याकडे तयारच असतं. म्हणजे तुमच्या गावात जो जातो तो मनमिळाऊ होऊनच जातो.

तू मनमिळाऊ नव्हतीस. निदान माझ्याशी तरी नव्हतीस. लहानपणापासून आपण दोघी दोन वाक्यं न भांडता कधी बोललो असू तर मला आठवत नाही. म्हणून हे मी बॅनरच्या भाषेत लिहीत नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होतं, असंही मी म्हणणार नाही. फोनवर आपलं भांडण जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे बोलते. फरक एवढाच की आता मध्येच फोन ठेवून द्यायची तुझी सोय राहिली नाही.

आधी तुझ्या राईचं सांगते, कारण तू तेच आधी विचारलं असतंस.

तू गेलीस ती नेमकी राई पिकल्यावर. झाडं वाळायला लागलेली, शेंगा पिवळ्या होऊन तांबूस व्हायला आलेल्या, आणि होळी जवळ आलेली म्हणजे दुपारचं ऊन कसं ते तुला सांगायला नको. आणखी आठवडाभर वावर तसंच ठेवलं असतं तर शेंगा तडकून दाणा मातीत गेला असता, आणि राईचा दाणा मातीत गेला म्हणजे गेला, तो काही वेचून आणता येत नाही. इकडे घरात सुतक. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ज्योतीने ओसरीवर माझ्या शेजारी बसून पदराआडून हळूच सांगितलं, "मावशी, शेंगा तडकी राहिन्यात." बिचारीला वाटत होतं सासू गेल्याच्या दिवशी शेंगांचं बोलणं पाप आहे. मला उलट बरं वाटलं, कारण त्या घरात त्या दिवशी तुझ्याबद्दल खरं बोलणारी ती एकटीच होती.

मी नानांजवळ विषय काढला. तुझे जेठ म्हणून मी त्यांना मान देते, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळेही सुजलेले होते. ते म्हणाले, "दहावा व्हई जाऊ द्या. मंग देखसूत वावरनं." मी म्हटलं, दहाव्यापर्यंत झाडावर राहील काय? त्यावर ते म्हणाले, "राईच शे ना ती."

राईच शे ना ती. अक्का, हे वाक्य तू त्या घरात सून म्हणून गेलीस तेव्हापासून ऐकत आलीस. मी एकदाच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

त्यांच्या मनात पुढचं सगळं ठरलेलं होतं. दाजी गेल्यापासून तुझ्या वाट्याच्या वावरावर त्यांचा डोळा होता असं मी म्हणणार नाही, तेवढे ते वाईट नाहीत. पण त्यांच्या मक्याचा डोळा नक्की होता. विहिरीला पाणी असताना राई पेरणं म्हणजे त्यांच्या लेखी घरात गॅस असून चुलीवर रांधणं. तुझा लेक, ज्योतीचा नवरा, सुरतेहून आला, रडला, आणि म्हणाला, "काका, वावराचं तुम्हीच बघा काय ते." त्याला परत कामावर जायचं होतं. यंदाची राई वावरातच गळून गेली असती तर पुढच्या हंगामाला नानांनी फक्त बोट दाखवलं असतं, बघा, काय उरलं? मग नांगर, मग मका, आणि तुझी वावरभरची राई परत बांधावर. तू एवढ्या वर्षांत जे केलंस ते एका उन्हाच्या आठवड्यात पुसलं गेलं असतं.

बांधावरची राई तर आपल्या आईनेही पेरली. खान्देशात कोण पेरत नव्हतं? गव्हात दोन ओळी, हरभऱ्याच्या कडेला चार झाडं, झालं काम. वर्षभराची फोडणी निघाली, दृष्ट काढायला मिठाबरोबर मूठभर निघाली, लोणच्याला निघाली. त्या काळी करडईही होती, जवस होता, तीळ होता. सगळी तेलाची पिकं एकेक करून वावरातून उठली आणि कपाशी, मका, कांदा यांनी जागा घेतली. आमच्या सासरकडे तिकडे पहूरला तर आता बांधही उरले नाहीत, मग बांधावरची राई कुठून उरणार. दुकानात पुडी मिळते. तुझ्या सासरीही ती दोन ओळींचीच होती, आणि त्या दोन ओळी पेरायचं काम बाईचं. बाकी वावरात काय पेरायचं ते पुरुष ठरवणार. दाजी गेल्यावर पहिल्याच रब्बीला तू म्हणालीस की सगळ्या वावरात राई पेरायची, तेव्हा नानांनी तुला समजावलं होतं, "फोडणीपुरती पेर ना. वावरभर राई कोन पेरस?" आणि तू म्हणालीस, "वावरभर कपाशी पेरतस तुम्ही, ती काय खातस का?"

हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी खूप हसले. मग मी तुला सांगितलं की नाना बरोबर बोलतायत.

आजही माझं तेच मत आहे. पिंप्राळ्यात माझा लाकडी घाणा आहे, राई मी पोत्यांनी विकत घेते, ती कुठून येते ते मला ठाऊक आहे. राजस्थान, हरियाणा, तिकडे उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशाचा वरचा भाग. गुजरातेतही वरच्याच जिल्ह्यांतून. तिकडे थंडी लांब आणि कोरडी, माती तशी, बाजार तसा. तिकडे बाजार समितीत राईचे ढीग लागतात आणि बोली लावायला व्यापाऱ्यांची गर्दी असते. आपल्याकडे तू पोतं घेऊन गेलीस की व्यापारी आधी विचारतो, हे काय आणलं? पीक एकट्याने येत नाही अक्का, त्याच्यामागे घेणारा लागतो, गाळणारा लागतो, खाणारा लागतो. आणि खाणारं आपल्याकडे कोण आहे? आपलं भरीत शेंगदाण्याच्या तेलात. आपली शेवभाजी शेंगदाण्याच्या तेलात. आणि तू स्वतः? वावरभर राई पेरणारी बाई राईच्या तेलाचा वास आला की नाकाला पदर लावायची. मी म्हटलं, आधी तू तरी खा. तर म्हणालीस, "कापूस पेरनारा काय उशी खास का?" भांडणात तुला कुणी हरवलं नाही, पण त्यामुळे तुझं म्हणणं खरं ठरत नाही.

तुझं म्हणणं एकच. थंडी आहे. धुळ्याच्या थंडीची बातमी दर हिवाळ्याला टीव्हीवर असते, तुमच्या पिंपळनेरच्या अंगाला तर त्याहून जास्त, पहाटे बादलीतलं पाणी हाताला चावतं. राईला एक-दोन पाळ्या पाणी पुरतं. रानडुकरं मक्यात लोळतात, राईकडे ढुंकून बघत नाहीत. मग का नाही? मी म्हणायची, माव्याची कीड. पौषात ढगाळ हवा आली की एका आठवड्यात मावा शेंड्यावर चढतो. तू म्हणायचीस, "मावा काय फक्त मनाच वावरले पत्ता इचारीसन येस का?" पण आला की नाही? ज्या वर्षी तुझं पाहून गावातल्या आणखी काही घरांनी राई पेरली, त्याच वर्षी ढग बसले आणि सगळ्यांची गेली. तुझी जेमतेम बियाण्यापुरती राहिली. बाकीच्यांनी परत मका धरला. तू परत राई पेरलीस. तेव्हा मी तुला वेडी म्हटलं होतं.

त्या हट्टाचं मूळ मला माहीत आहे. सेंधवा.

तुला वाटायचं मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. घाण्यासाठी माल बघायला मी मध्य प्रदेशात सेंधव्याला निघाले होते आणि तू बियाणं आणायचं म्हणून माझ्याबरोबर आलीस. नवं लुगडं नेसलीस. बसमध्ये तू मला बजावलंस की शहरात गेल्यावर आपलं गावंढळ बोलायचं नाही, शुद्ध बोलायचं. मी म्हटलं, अगं तिथे हिंदी बोलतात. तू म्हणालीस, मग तर आणखीच शुद्ध बोलावं लागेल. घरी जन्मभर राई राई म्हणणारी माझी बहीण दुकानात गेली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भैया, मोहरी है क्या? अच्छीवाली?"

तो माणूस गोंधळला. मोहरी म्हणजे तिकडे पायजम्याच्या पायाचं तोंड. त्याने आपल्या पॅन्टच्या पायाकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बहनजी, मोहरी तो सामने दर्जी के यहाँ बनेगी." तुला वाटलं, असेल बुवा, या गावात शिंपीच बियाणं विकत असतील. तू रस्ता ओलांडून गेलीस. मी तुला थांबवलं नाही, मला बघायचं होतं. तू शिंप्याला विचारलंस, "बोनेवाली मोहरी है क्या? पूरे खेत के लिए चाहिए." शिंप्याने मशीन थांबवली. एवढं कापड त्याने आयुष्यात शिवलं नसेल.

मी फुटपाथवर बसून हसत होते आणि तू रागाने लाल झाली होतीस. शेवटी तूच परत त्या दुकानात गेलीस आणि आपल्या बोलीत ठणकावून म्हणालीस, "माले राई जोयजे, राई." तो माणूस लगेच म्हणाला, "अरे, राई बोलिए ना." म्हणजे तू जो शब्द गावंढळ म्हणून घरी ठेवून आली होतीस तोच तिथे चालत होता. मग त्याने विचारलं, "कितनी दूँ? छौंक के लिए?" फोडणीपुरती का, असं तिकडच्या माणसानेही विचारावं. तू त्याच्याकडे जे बघितलंस ते बघणं या बॅनरवर आहे.

त्या दिवसापासून तू मोहरी हा शब्द टाकून दिलास. कुठेही, कुणासमोरही, राईच. धुळ्याच्या त्या कृषी मेळाव्यातसुद्धा. साहेबांनी पडद्यावर देशाचा नकाशा लावला होता, राई-मोहरीचं पीक कुठे वाढतंय, कुठे घटतंय. वरती सगळं पिवळं, राजस्थानात तर नुसता पिवळा रंग सांडलेला, आणि आपल्याकडे येईपर्यंत रंग संपलेला. मंडपातली माणसं जेवणाची वाट बघत होती. तू उभी राहून कारणच विचारलंस. "सायेब, आमना जिल्हा कोरा काब्र शे?"

साहेब भला माणूस होता, उगाच उडवून लावणारा नव्हता. तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे पीक आहे, पण आकड्यात यावं इतकं क्षेत्र नाही." तू म्हणालीस, "मंग मी पेरस ती काय हवामा पेरस?" लोक हसले. तोही हसला आणि म्हणाला, आणखी लोकांनी पेरली की रंग येईल. मला त्याचं बोलणं पटलं होतं. एका बाईच्या वावराने नकाशा रंगत नाही, हिशोबच तसा आहे. घरी परतताना बसमध्ये मी तुला तेच सांगितलं. तू साक्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. साक्रीला उसाचा रस घेतल्यावर म्हणालीस, "नकाशा त्यासना शे. वावर मनं शे." आणि ग्लास खाली ठेवून बसकडे चालायला लागलीस.

अक्का, मला तुझा राग यायचा तो यामुळेच. तुझ्याकडे पुरावा नव्हता, भाव नव्हता, शेजारी नव्हते, आणि तरी तू मागे हटत नव्हतीस. मला मागे हटता येतं. धंदा करायचा तर हटावंच लागतं. मी घाणा सुरू केला तेव्हा सगळे म्हणाले बाई माणसाला जमायचं नाही, आणि मी रात्रंदिवस मनात हिशोब करत होते की नाही चाललं तर मशीन कुणाला विकायची. तू आलीस, पिशवीतून मीठ आणि आपल्या वावरची राई काढलीस, त्या लोखंडी मोटरीवरून ओवाळलीस आणि गिऱ्हाइकांसमोर शेगडीत टाकलीस. दुकानभर धूर आणि ठसका. मग खुर्ची ओढून गल्ल्याशेजारी बसलीस आणि कुणी भावात घासाघीस केली की माझ्याआधी तूच भांडायचीस. त्यातली दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. पण तू बसली होतीस म्हणून मी त्या महिन्यात मशीन विकायचा विचार सोडून दिला. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू ते पुढची वीस वर्षं ऐकवलं असतंस.

आणि ती भाभी आठवते? कारखान्यात कामाला आलेल्या कुणाची तरी बायको, तिकडची उत्तरेची. आमच्या गल्लीत आता तशी पुष्कळ घरं आहेत, राईचं तेल नेतात ती तीच. तुझ्या राईचा घाणा पहिल्यांदा काढला त्या दिवशी ती आली, थेंब हातावर घेतला, हुंगला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाली, "दीदी, इसमें झाँस है." तू उठलीसच. "कोन झासा दिन्हा तुले? मना वावरना माल शे." तुला वाटलं ती फसवणूक म्हणतेय. मी मध्ये पडून सांगितलं की झाँस म्हणजे नाकाला झोंबणारा जोर, ती कौतुक करतेय. तू लगेच खाली बसलीस आणि तिला तेल जास्त घालायला मला खुणावलंस, माझ्या पिंपातलं.

आपलं शेवटचं भांडण त्या तेलावरूनच. तुला दुकानावर पाटी हवी होती, 'खान्देशी राईचं तेल'. मी म्हटलं, तुझी राई महिनाभरही पुरत नाही, पुढचे अकरा महिने मी राजस्थानची गाळणार आणि वर खान्देशची पाटी लावणार? हे मला जमणार नाही. तू म्हणालीस, पाटी लाव, राई मी पुरवते. मी म्हटलं, कुठून पुरवशील, एकटी? तू फोन ठेवलास. मी परत लावला नाही, कारण आपल्यात तसंच असतं, दोन दिवसांनी तूच कांद्याचं किंवा ज्योतीचं काहीतरी निमित्त काढून लावायचीस. यावेळी फोन ज्योतीचा आला.

पाटीबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. खोटी पाटी मी लावणार नाही. पण मला तुझा फोन हवा होता. मोबाइल वाजला की अजूनही वाटतं तूच असशील, आणि मग जो कुणी बोलतो त्याच्यावर मी विनाकारण खेकसते. मला तुझी आठवण येत नाही असं एकही काम उरलेलं नाही, आणि याचा मला राग येतो, कारण तू जिवंत असताना मी दिवसदिवस तुझा विचार न करता काढलेत.

आता राईचं पुरं सांगते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना ओसरीवर बसले होते. मी त्यांना म्हटलं, उद्या पहाटे मी वावरात जाते. दव असताना कापली तर शेंग तडकत नाही. ते म्हणाले, "सुतकमा वावरमा कोन जास, शकूबाई?" मी म्हटलं, "सुतक तुमले शे, नाना. माले कोठे शे? मी तं परका घरनी."

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तिसऱ्या दिवशी फिटतं, हा नियम काही मी काढलेला नाही. लेक दिली म्हणजे ती परकी, तिला रडायलाही तुमच्यापेक्षा कमी दिवस, हे आजवर आपल्याला सांगत आले. ठीक आहे, परकी तर परकी. परकीला तुमचा विटाळ नाही आणि तुमची बंदीही नाही. मला जन्मभर टोचलेली ही गोष्ट अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. नाना एवढंच म्हणाले, "लोके काय म्हणतीन?" मी म्हटलं, म्हणू द्या.

पहाटे मी तुझा विळा घेऊन गेले. अक्का, मला आता पूर्वीसारखं वाकता येत नाही, घाण्याच्या धंद्याने कंबर गेली. सूर्य वर येईपर्यंत कसाबसा एक कोपरा झाला आणि मागे वळून बघितलं तर वावर तेवढंच दिसत होतं. मजुरणींना बोलवावं तर दहाव्याआधी त्या घरच्या वावरात यायला कुणी धजेना. मी घरी आले, हातपाय धुतले आणि ओसरीवर बसले, कारण गावोगावच्या बाया दुखवट्याला दारावर यायची वेळ झाली होती.

दारावर येणाऱ्या बाया कशा येतात तुला माहीत आहे. गल्लीच्या तोंडाशी गप्पा मारत येतात, दार दिसलं की पदर तोंडावर आणि हेल काढून रडणं सुरू. खोटं नसतं ते, पण त्याची एक पद्धत असते. पहिली टोळी आली, तुझ्या माहेरच्या अंगाची, म्हणजे आपल्याच गावची. त्यांनी गळा काढला, "अक्का वं माय, कोठे गयी तू." आणि मला काय झालं कोण जाणे, मी उठून सांगितलं, "अक्का घरमा नही, वावरमा शे. रडनं व्हई तं तठे चला."

मग आपल्या चुलतमावशीने, जिला धड दिसतही नाही, काठी टेकली आणि म्हणाली, "चाल वं." आणि त्या चालायला लागल्या. मी पुढे, त्या मागे, सगळ्या पदर घेऊन, जशा मयताला जातात तशा. गावातले लोक दारात येऊन बघत होते. वावराच्या बांधावर उभ्या राहून त्यांनी तुझी राई बघितली, आणि मग खरं रडू आलं त्यांना. त्यातली एक म्हणाली, "इळा दे वं माले बी." ऊन चढलं होतं, कापायची वेळ नव्हती, तरी सावलीच्या कडेची ओलसर होती तेवढी त्यांनी कापली. दुसऱ्या दिवशी ज्या आल्या त्या घरावरून न जाता सरळ वावरात आल्या, आणि पहाटे आल्या. विळे घेऊन आल्या. परक्या गावच्या बाया, त्यांना कुणाचं सुतक? रडत होत्या आणि कापत होत्या, आणि कुणी तुझं काही सांगितलं की हसतही होत्या. सेंधव्याचं मी परत सगळ्यांना सांगितलं. राग धर.

ज्योती घरातली सून, तिला सुतक पुरं. ती बांधाच्या अलीकडे उभी राहायची, आत पाय टाकायची नाही, पण तिथून ओरडून सांगायची कुठली बाजू आधी तडकेल, पेंढ्या कशा रचायच्या, शेंगा आत आणि बुडखे बाहेर. तुझ्याबरोबर इतकी वर्षं वावरात होती, कुणाला माहीतच नव्हतं तिला एवढं येतं ते. मला तरी कुठे माहीत होतं.

नाना आले नाहीत. लोक जे म्हणायचं ते म्हणाले. कुणी म्हणालं बहीण तोंडाची फटकळ, कुणी म्हणालं मेलेल्या बाईपेक्षा पिकाचं पडलंय. मला पिकाचंच पडलं होतं. तुझं दुसरं काय उरलं होतं हात लावण्यासारखं?

दहावा झाला, तेरावा झाला. पेंढ्या वाळल्या होत्या. काल मळणी केली. ताडपत्रीवर काठ्यांनी बडवली, भुसा उडवला, आणि खाली दाणा. बारीक, तांबूस काळा, हातातून पाण्यासारखा निसटणारा. गळून थोडा गेला, सगळा काही वाचला नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण ढीग झाला. ज्योतीने त्यातून बियाण्याची वेगळी काढून ठेवली. मी बाकीची पिंप्राळ्याला न्यायला पोती बांधत होते तेव्हा नाना आले. ढिगाभोवती एक फेरी मारली. मला वाटलं आता मक्याचं काढणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक, तुझं नाव घेऊन द्यायचं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते ज्योतीकडे वळले. त्या घरात जेठ-सासऱ्यांनी सुनेला वावरातलं काही विचारावं, असं तुझ्या वेळेपासून आजवर झालेलं नाही.

"ज्योती, पुढला साल काय पेरशी?"

तिने पदर पुढे ओढला. "राई."

"कितली?"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही.

"बठ्ठा वावरमा."

सगळ्या वावरात. माझं ते लांबलचक उत्तर तोंडातच राहिलं. मी पोत्याचं तोंड बांधलं आणि गप्प बसले. मला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे.